वावराची वाट अडली तर



कापूस वेचला तर त्याचे गाठोडे डोक्यावर घेऊन धुऱ्याधुऱ्याने सडकेपर्यंत आणता येते. तुरीचे पोतेही दोन गडी पाठीवर मारून नेतात. उसाचे तसे नाही. एका एकरात तीस-चाळीस टन माल उभा असतो आणि तो वाहनात भरल्याशिवाय वावरातून हलत नाही. म्हणून ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या पऱ्हाटी आणि ज्वारी पिकवली त्याला वाटेची अडचण फारशी जाणवत नाही. त्याच वावरात विहिरीचे किंवा कालव्याचे पाणी आले, ऊस लागला, की पहिल्याच हंगामात शेजाऱ्याशी बोलाचाली सुरू होते.

पाळी येते, टोळी फडात उतरते, आणि शेजारी आडवा उभा राहतो, "माह्या वावरातून ट्रॅक्टर नाही जाणार, भाऊ." टोळी कोणासाठी थांबत नसते. मुकादम दुसरा फड धरतो. तोडून पडलेल्या उसाचे वजन आणि साखर रोज घटते. उभा ठेवला तर तो उन्हात वाळतो आणि पाळी पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसतो. वर्षाचे पीक अशा रीतीने पन्नास हात वाटेपायी अडकते.

यावर कायद्यात उपाय आहेत. एक नाही, तीन-चार आहेत, आणि घोळ होतो तो तिथेच. प्रत्येक उपायाचा दरवाजा वेगळा आणि मुदत वेगळी. "रस्ता मिळावा" एवढे चार शब्द लिहून तहसीलमध्ये अर्ज टाकला, की तो कोणत्या कलमाखाली घ्यायचा हे तिथल्या बाबूलाही कळत नाही. म्हणून आधी आपली वाट कोणत्या जातीची आहे ते ओळखावे.

पहिली जात सरकारी पांधणीची. गावाच्या नकाशात ती साधारणपणे दुहेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० प्रमाणे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा ही सरकारची मालमत्ता आहे. अशी पांधण कोणी नांगरून वावरात घातली असेल तर आपल्याला वहिवाट सिद्ध करण्याची गरज नाही. ते अतिक्रमण आहे. नकाशाची प्रत भूमी अभिलेख कार्यालयातून घ्यावी, मोजणी करून मागावी, आणि ग्रामपंचायत व तहसीलदार दोघांकडेही अतिक्रमण काढण्याचा अर्ज द्यावा. या प्रकारावर आम्ही जास्त लिहीत नाही. यात भांडण दिसते शेजाऱ्याशी, पण खरे प्रकरण सरकारी जागेचे असते.

दुसरी जात वहिवाटीच्या वाटेची. ती दुसऱ्याच्या मालकीच्या वावरातून किंवा धुऱ्यावरून जाते, नकाशात दिसत नाही, पण आजोबांपासून तिथून बंड्या जातात हे गावातल्या पोरालाही ठाऊक असते. तिसरी जात म्हणजे वाट नसलेलेच वावर. चारी बाजूंनी दुसऱ्याची शेती आणि आजवर कोणाच्या तरी मेहेरबानीने ये-जा. दुसरी आणि तिसरी जात लोक एकच समजतात, पण कायद्याला त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

वहिवाटीची वाट असेल आणि ती कोणी अडवली असेल, तर उपाय मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ मध्ये आहे. कलम ५ (२) प्रमाणे तहसीलदार न्यायालयासारखा बसतो आणि अडथळा दूर करण्याचा, पुन्हा अडवू नये असा मनाईहुकूम देतो. वकील लावलाच पाहिजे असे नाही. स्थळपाहणी होते, पंचनामा होतो, साक्षी होतात. दिवाणी कोर्टाच्या मानाने काम लवकर निपटते. मात्र अट एक आहे आणि ती कडक आहे. अडथळा ज्या दिवशी प्रथम सुरू झाला त्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. प्रथम हा शब्द लक्षात ठेवावा. आज काटे टाकले, उद्या तार ओढली, परवा नाली खोदली असे झाले तर मोजणी काट्यांपासून सुरू होते.

आता हे सहा महिने आपल्या शेतीच्या पंचांगावर मांडून पाहा. वाट मोडली जाते ती बहुधा जूनमध्ये. मृग लागला, शेजाऱ्याने वखर फिरवला आणि चाकोरीवरच सोयाबीन पेरले. त्या दिवसांत आपल्याला बंडी न्यायची नसते. चिखल असतो, आपणही धुऱ्यावरून पायी जातो आणि म्हणतो, दिवाळीनंतर पाहू. दिवाळीनंतर त्याचे सोयाबीन निघते, हरभरा पडतो. तोडणीची पाळी येते जानेवारीत किंवा फेब्रुवारीत. तेव्हा भांडण होते, तेव्हा अर्ज लिहिला जातो. जूनमधले सहा महिने डिसेंबरात संपलेले असतात. समोरचा माणूस तहसीलदारापुढे फक्त एवढेच म्हणतो की मी मृगातच पेरले होते, सारे गाव पाहत होते. दावा मुदतबाह्य ठरतो. वाट खरी होती की खोटी हा प्रश्न निघतच नाही.

म्हणून उसाचा रस्ता जूनमध्ये पाहावा, तोडणीला नव्हे. पेरणीच्या आठवड्यात आपल्या वाटेने एक चक्कर मारावी आणि मोडली असेल तर त्याच आठवड्यात पटवारी आणि पोलीस पाटलाच्या कानावर घालावे, तारखेसह एक साधा अर्ज ग्रामपंचायतीत देऊन त्याची पोच घ्यावी. हाच कागद पुढे तारखेचा पुरावा होतो.

तहसीलदाराच्या या निकालावर अपील नाही. जिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेले उपविभागीय अधिकारी पुनरीक्षण करू शकतात. दिवाणी कोर्टाचा मार्ग दोन्ही बाजूंना खुला राहतो.

सहा महिने निघून गेले असतील तर सगळे संपले असे समजू नये. दिवाणी कोर्टात भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ खाली दावा करता येतो. गंमत अशी की हा कायदा १८८२ साली ज्या मोजक्या मुलखांत प्रथम लागू झाला त्यांत आपला मध्यप्रांत होता. पुण्या-नगरकडे, मुंबई इलाख्यात, तो १८९१ साली गेला. म्हणजे ऊस त्यांच्याकडे आधी आला आणि वाटेचा कायदा आपल्याकडे. त्यातल्या कलम १५ प्रमाणे वीस वर्षे उघडपणे, शांततेने, खंड न पडता आणि हक्काने वाट वापरली असेल तर तो हक्क पक्का होतो. ती वीस वर्षे दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असावी लागतात. म्हणजे इथेही घड्याळ आहेच. वाट बंद पडून तीन वर्षे झाल्यावर जागे होऊन चालत नाही.

'हक्काने' या शब्दावर बहुतेक दावे अडतात. दरवर्षी "काका, यंदा तुमच्या वावरातून बंड्या नेतो," असे विचारून नेले असेल, तर वीस काय चाळीस वर्षे झाली तरी तो हक्क होत नाही. ती परवानगी असते आणि देणारा ती काढून घेऊ शकतो. ऐकायला हे विचित्र वाटते. ज्याने रीतीने विचारले त्याचे नुकसान आणि ज्याने कधी विचारले नाही त्याचा हक्क! पण विचार केला तर यात शेजारधर्माची सोयही आहे. देणाऱ्याला खात्री राहते की आज भलेपणाने दिलेली वाट उद्या आपल्या पोरांच्या गळ्यात पडणार नाही. ही खात्री नसते म्हणून तर माणसे आडवी उभी राहतात.

वीस वर्षे म्हणताना तारखा सांगाव्या लागतात. गोव्यातले एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते, त्याचा निकाल २००५ सालच्या निर्णयसंग्रहात छापला आहे. शेजाऱ्याच्या जागेतून आपली पूर्वापार वाट आहे असा दावा होता. न्यायालयाने तो मानला नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वीस वर्षे वापर झाला हे दाव्यात स्पष्ट मांडलेले नव्हते, आणि दावेदाराला जायला दुसरी वाटही होती. आपल्याकडचे अर्ज बहुधा "अनादि काळापासून" या शब्दांनी सुरू होतात. अनादि काळ कोर्टात चालत नाही. कोणत्या साली वडिलांनी विहीर खणली आणि दगड कोणत्या वाटेने आणले, कोणत्या साली पहिला ऊस गेला, कारखान्याच्या कोणत्या हंगामाच्या पावत्या आहेत, ते लिहावे. ऊस वाहतुकीच्या जुन्या पावत्यांवरून त्या वावरातून त्या साली वाहन निघाले हे दाखवता येते. सभासदांनी त्या चुलीत घालू नयेत.

आपल्या भागात आणखी एक कागद आहे, जो पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याकडे नसतो. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपुरातून वेगळा निघाला तेव्हापासून इथे मालगुजारी होती, ती १९५१ साली गेली. मालगुजारीच्या काळात बंदोबस्ताच्या वेळी प्रत्येक मौज्याच्या रूढी लिहून ठेवत. त्या कागदाला वाजिब-उल-अर्ज म्हणतात. १९६६ च्या संहितेनेही तो ठेवला आहे. कलम १६५ प्रमाणे सरकारच्या मालकीच्या नसलेल्या जमिनीवरून पाण्याचा, वाटेचा वगैरे जो रूढीचा हक्क गावात असेल त्याची नोंद या कागदात होते. पडीत सरकारी जमिनीवरच्या हक्कांसाठी निस्तार पत्रक निराळे असते. जुन्या लोकांना ही नावे तोंडपाठ असत, आता पटवाऱ्यालाही दोनदा विचारावे लागते. तहसीलच्या अभिलेख कक्षातून आपल्या मौज्याच्या वाजिब-उल-अर्जाची आणि १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखाची नक्कल काढून ठेवावी. त्यात आपल्या खसऱ्यावरून वाट लिहिलेली निघाली तर अर्धे काम झाले. नाही निघाली तरी बिघडत नाही, वापराचा पुरावा द्यावा लागतो इतकेच.

आता तिसऱ्या जातीकडे वळू. वाट मुळात नाही. इथे मामलेदार न्यायालय काही करू शकत नाही, कारण जी वाट नव्हती ती अडवली कशी म्हणणार? इथे संहितेचे कलम १४३ लागते. एका सर्व्हे नंबरच्या शेतकऱ्याला दुसऱ्या सर्व्हे नंबरच्या हद्दीवरून, म्हणजे धुऱ्यावरून, जाण्याचा हक्क आहे की नाही हे तहसीलदार चौकशी करून ठरवतो. शेतकऱ्याला वावरात जाण्यासाठी वाजवी वाट लागते, ही गरज त्याने लक्षात घेतली पाहिजे असे कायद्यातच लिहिले आहे. निकालाविरुद्ध एका वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. दावा केला की मग अपील किंवा पुनरीक्षण उरत नाही. दावा करायचा नसेल तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे साठ दिवसांत अपील आहे.

हे कलम फक्त हद्दीबद्दल बोलते. वावराच्या मधून तिरपी वाट या कलमाने मिळत नाही, मग ती कितीही जवळची असो. अर्जात "मधून" हा शब्द आला की समोरच्याचा वकील खुश होतो. दोन्ही वावरांच्या सामाईक धुऱ्याने, दोन्हीकडून सारखी जागा घेऊन, लांब पडली तरी तीच वाट मागावी. आणि इथे आपल्या साऱ्यांच्याच एका सवयीचा प्रश्न येतो. वर्षाला एकेक तास धुरा कोरला जातो. इकडून एक, तिकडून एक. दहा वर्षांत बंडी जाईल एवढा धुरा पायवाटेएवढा उरतो आणि मग वाट मागताना जागा कोणाची गेली यावरून नवा तंटा उभा राहतो. म्हणून कलम १४३ चा अर्ज देण्याआधी हद्दीची मोजणी करून घेतलेली बरी. खर्च होतो, पण मोजणीचे दगड दोघांनाही मुकाट्याने मान्य करावे लागतात.

सर्वांत जास्त कटुता भावाभावांत असते. बापाचे वीस एकर चार पोरांत उभे पट्टे पाडून वाटले जाते. सडकेला लागून कोणाचा, नाल्याला लागून कोणाचा. वाटणीच्या वेळी सारे एका ताटात जेवत असतात, रस्ता कागदावर लिहावा असे कोणाला सुचत नाही. पुढे सडकेकडचा भाऊ आपला पट्टा परक्याला विकतो. परका म्हणतो, माझ्या खरेदीखतात वाट लिहिलेली नाही. अशा वेळी सुविधाधिकार अधिनियमाचे कलम १३ कामाला येते. एकाच मालकीची जमीन वाटून किंवा विकून जेव्हा एक तुकडा वाटेवाचून राहतो, तेव्हा दुसऱ्या तुकड्यातून गरजेपुरती वाट त्याला कायद्यानेच मिळते. कोठून द्यायची हे वाट देणाऱ्याने ठरवायचे, मात्र घेणाऱ्याला ती वाजवी सोयीची असली पाहिजे. आणि दुसरी वाट मिळाली की ही गरजेची वाट संपते. घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. पण सगळ्यांत स्वस्त उपाय वाटणीपत्रात एक ओळ लिहिण्याचा आहे. वाटणी आणि खरेदी दोन्ही वेळी चतुःसीमा लिहितो तशीच वाट, तिची रुंदी आणि दिशा लिहावी.

पोलिसांविषयी थोडे. वाट अडवली की आपण ठाण्यात धावतो आणि तिथे उत्तर मिळते, "ही दिवाणी बाब आहे." राग येतो, पण त्या उत्तराला आधार आहे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्या कलम १२६ मध्ये बेकायदा अडवणूक हा गुन्हा आहे. त्याच कलमात अपवादही आहे. खाजगी वाट अडवण्याचा आपल्याला कायदेशीर हक्क आहे असे जो प्रामाणिकपणे समजतो त्याने ती अडवली तर तो गुन्हा होत नाही. हा अपवाद जुन्या दंड संहितेतही होता. मारहाण झाली तर गोष्ट निराळी. पण मारहाणीचे प्रकरण झाले म्हणजे वाट मिळाली असे कोठे होत नाही.

आता ट्रॅक्टरचे पाहू. बंडीत दीड-दोन टन ऊस येतो. दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरवर पंधरा-वीस टन असतो, आणि वळायला त्याला बंडीपेक्षा किती तरी जागा लागते. सुविधाधिकाराच्या कायद्यात कलम २८ मध्ये म्हटले आहे की एका प्रकारच्या वाटेचा हक्क दुसऱ्या प्रकारच्या वाटेचा हक्क देत नाही. म्हणजे पायवाटेचा हक्क असला म्हणून गाडी नेता येत नाही. बंडीच्या वाटेने ट्रॅक्टर नेता येईल का यावर समोरचा वाद घालणारच. म्हणून अर्जात "ऊस वाहतुकीसाठी ट्रॅक्टर-ट्रॉलीसह" असे स्पष्ट लिहावे आणि रुंदी मागावी. महसूल विभागाने २२ मे २०२५ च्या शासन निर्णयात आधुनिक यंत्रांची गरज मान्य करून शेतरस्ता शक्य तिथे किमान ३ ते ४ मीटर रुंद द्यावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यावी असे सांगितले आहे. अर्जाला त्याचा हवाला द्यावा.

वाट देणाऱ्याची बाजू मात्र इथे ऐकलीच पाहिजे, कारण सभासद दोन्हीकडे आहेत. आपली जमीन काळी, भारी. ओल असताना ट्रॅक्टर रुततो, मग ड्रायव्हर चाकोरी सोडून दोन हात आत घेतो. पुढचा आणखी दोन हात. हंगाम संपेपर्यंत हरभऱ्याच्या चार ओळी जातात, पाइप फुटतो, आणि जाताना कोणी "पाहून घेऊ" म्हणूनही थांबत नाही. अशा माणसाने पुढच्या वर्षी काटे टाकले तर त्याला एकदम अडेलतट्टू म्हणणे आम्हाला रास्त वाटत नाही. त्याला पैसे नको असतात, चाकोरी जागेवर राहावी आणि झालेले नुकसान कोणी तरी बोलावे, एवढेच हवे असते.

म्हणून टोळी येण्याच्या दोन महिने आधी दोघांनी बसावे. गावातले एक-दोन जाणते घ्यावेत. कोणत्या धुऱ्याने, किती फूट, कोणती वाहने, कोणत्या महिन्यांत, पाइप कोठे गाडायचा, मुरूम कोण टाकणार, पिकाचे नुकसान झाले तर ते कोण पाहणार आणि किती दिवसांत देणार, हे कागदावर यावे. ही फक्त यंदाची परवानगी आहे की कायमची वाट, हे तर पहिल्याच ओळीत लिहावे. परवानगी असेल तर देणारा निर्धास्त राहतो. कायमची असेल तर साध्या कागदावर भागत नाही, दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवावा आणि त्यावरून फेरफार घेऊन दोघांच्याही सातबाऱ्यावर इतर हक्कात नोंद करावी. जागा विकतच घ्यायची असेल तर पूर्वी तुकडेबंदी आड येत असे. २०२४ साली नियम बदलले, आता शेतरस्त्यासाठी लहानसा तुकडा जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने घेता येतो.

फेरफार प्रमाणित झाल्यावर नवा सातबारा काढून इतर हक्काच्या रकान्यात सर्व्हे नंबर, धुऱ्याची दिशा आणि रुंदी तिन्ही उतरली आहेत का ते स्वतः वाचून पाहावे. नुसते "रस्त्याचा हक्क" एवढेच लिहून आले असेल तर तलाठ्याकडे त्याच महिन्यात दुरुस्तीचा अर्ज द्यावा.